रील बघणारे आणि फी भरणारे

(छोट्या जिम, योगवर्ग आणि प्रशिक्षण केंद्रांच्या चालकांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

नमस्कार. समोर कोणाची जिम आहे, कोणी योगाचे वर्ग घेतं, कोणी मैदानावर पोलीस भरतीची तयारी करून घेतं. तालमीतलेही दोघे-तिघे दिसताहेत. प्रश्न असा दिलाय की, आपल्यासारख्या छोट्या व्यवसायाला सोशल मीडियावरची जाहिरात परवडते का? उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. थोडी परवडते. पण आज आपल्यातले बहुतेक जण ज्या पद्धतीने करतात, त्या पद्धतीने परवडत नाही.

आधी अंतराचं बघू. पहाटे साडेपाचला उठून, भर पावसात रेनकोट चढवून माणूस जिमला किती लांब जाईल? दोन किलोमीटर, फार तर तीन. त्यापलीकडचा माणूस उत्साहात फी भरतो आणि तिसऱ्या आठवड्यात दिसेनासा होतो. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे आपलं गिऱ्हाईक चार-पाच वस्त्यांतलं. सांगलीत विश्रामबागला जिम असेल आणि तिची रील नागपुरात, इंदूरला, पाटण्याला दोन लाख लोकांनी पाहिली, तर त्यातून विश्रामबागेत किती ॲडमिशन होणार?

रील कोणाला दाखवायची हे ठरवताना ती शेवटपर्यंत कोण बघेल, लाइक कोण करेल, पुढे कोण पाठवेल, याला इन्स्टाग्राम सगळ्यात जास्त महत्त्व देतं. बघणारा तुमच्या गल्लीतला आहे की नाही, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. फेसबुकचंही तसंच. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे नातेवाईक आणि मित्रांच्या पोस्ट आधी दिसतील. त्यानंतर व्यवसायाच्या पेजवर फुकट मिळणारी पोच आणखी आटत गेली. आणि या सगळ्या जागा दुसऱ्याच्या मालकीच्या. 29 जून 2020 ला सरकारने 59 ॲपवर बंदी आणली, त्यात टिकटॉक होतं. तिथे व्यायामाचे व्हिडिओ टाकून ज्यांनी लाखो फॉलोअर जमवले होते, त्यांच्या हातात काय राहिलं? ज्यांच्याकडे लोकांचे फोन नंबर होते, त्यांच्याकडे निदान नंबर तरी राहिले. पुढच्याच महिन्यात भारतात रील सुरू झाल्या आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मग करायचं काय? सगळ्यात आधी गूगल मॅपवरची नोंद. हिला कोणी सोशल मीडिया म्हणत नाही, तिची रीलही होत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते. नवीन भाड्याने राहायला आलेला मुलगा फोनवर ‘जवळची जिम’ शोधतो, तेव्हा त्याला व्यायाम सुरू करायचाच असतो. त्याला पटवावं लागत नाही, फक्त सापडावं लागतं. ही नोंद फुकट आहे. वेळ बरोबर टाका, महिलांची बॅच कधी असते ते लिहा, पार्किंगचं लिहा, आतले खरे फोटो टाका. दिवाळीला बंद असाल तर तेही टाका. जुन्या सभासदांना अभिप्राय लिहायला सांगा, पण त्या बदल्यात फीमध्ये सूट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. अभिप्राय वाईट आला तर शांतपणे, नीट उत्तर द्या. नवीन माणूस ते उत्तर वाचतो.

दुसरं व्हॉट्सॲप बिझनेस. सभासद रोज उघडतात ते हेच. एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून ॲडमिशनच्या वेळी समोर बसवून नंबर सेव्ह करून घ्या. आठ दिवस न आलेल्या सभासदाला ‘तब्येत बरी आहे ना? उद्या येताय का?’ एवढा निरोप त्याच्या नावानिशी पाठवा. माझ्या मते एखादी जाहिरात जे करत नाही, ते हा निरोप करतो.

आता पैसे देऊन केलेली जाहिरात. समजा महिन्याला 6,000 रुपये खर्च केले. 60 जणांचे नंबर आले. 20 जणांनी फोन उचलला, 8 जण बघायला आले, 4 जणांनी जिम लावली. हे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेत, तुम्ही आपापले घाला. म्हणजे एका सभासदामागे 1,500 रुपये. तीन महिन्यांची फी 2,500 असेल आणि तो तीन महिन्यांनी गेला, तर उरलेल्या 1,000 रुपयांत तीन महिन्यांचं भाडं, वीज, ट्रेनरचा पगार बसवा. बसत नाही. तोच माणूस दोन वर्षं टिकला, तर 1,500 रुपये काहीच नाहीत. जाहिरात तीच, खर्च तोच. फरक पडतो तो जिमच्या आत त्याला काय मिळालं यामुळे. म्हणून जाहिरात परवडते का, हे विचारण्याआधी रिन्यूअल किती होतंय ते बघा. दहातले तिघेच दुसऱ्यांदा फी भरत असतील, तर जाहिरात थांबवा आणि आधी ते का जातात ते शोधा.

यात कराची बाजूही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून जिम आणि योगवर्गांच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. सभासदाला फायदा झाला, पण त्यासोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खर्चावर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सोय, बंद झालं. जाहिरातीवर भरलेला 18 टक्के कर आता परत मिळत नाही, तो तुमचा खर्चच. हिशोबात धरा.

जाहिरात करायचीच तर वर्षभर ठिबकत ठेवू नका. दसरा-दिवाळीनंतर थंडी पडते तेव्हा, जानेवारीत, लग्नसराईच्या आधी. भरतीचे वर्ग असतील तर सरकारची भरतीची जाहिरात निघाल्याबरोबर. नकाशावर पिन टाकून आपल्या भोवतालचाच परिसर निवडा. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण सवयीने दाबून बहुतेक वेळा नुसते लाइक वाढतात. ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायच्या साधनात जाऊन लोकांनी मेसेज करावा अशी जाहिरात लावली की निदान चौकशा तरी येतात. चौकशी आली की त्याच दिवशी फोन करा. दोन दिवसांनी केलेला फोन वाया जातो.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. संध्याकाळी सहा ते आठ, जिम भरलेली. एक मुलगी पहिल्यांदाच डेडलिफ्ट करतेय, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलतेय, तिची पाठ वाकतेय. आणि ट्रेनर ट्रायपॉड लावून दुसऱ्या कोपऱ्यात रील काढतोय. आपण लोकांना विकतो काय? लोखंड तर सगळीकडे सारखंच आहे. आपण लक्ष विकतो. कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाला बीपी आहे, कोण रात्रपाळी करून आलाय, हे ओळखून त्याला आज किती झेपेल ते ठरवणारा माणूस म्हणजे आपला व्यवसाय. ते लक्ष फोनमध्ये गेलं, तर रीलला लाख व्ह्यू मिळूनही आपण तोट्यात आहोत. चित्रीकरण दुपारी, जिम रिकामी असताना करा. आठवड्यात एकदा. तेवढं पुरतं.

आणि सभासदाच्या परवानगीशिवाय फोटो टाकू नका. बायकांच्या बॅचमध्ये तर कॅमेरा नेऊच नका. एका फोटोपायी घरून विरोध होतो आणि बाईचा व्यायाम सुटतो.

‘21 दिवसांत 10 किलो’ असलं तर चुकूनही लिहू नका. आधी-नंतरचे फोटो वजनाच्या जाहिरातीत मेटाला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीला चालत नाहीत, हा एक भाग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, हा दुसरा. पण खरं कारण वेगळंच आहे. असं वाचून आलेला माणूस बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक समजून घरी बसतो. पुन्हा कुठल्याच जिममध्ये पाऊल ठेवत नाही. आपण त्याचा व्यायाम कायमचा घालवलेला असतो.

एका गटाला मात्र मी उलट सांगेन. ज्यांचं काम ऑनलाइन आहे, त्यांना दोन किलोमीटरची अट नाही. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिथल्या मराठी आजी-आजोबांना मराठीत सूचना देणारा योगशिक्षक हवा असतो. त्यांच्यापर्यंत पोचायला सोशल मीडियाइतका सोपा रस्ता नाही. मराठीतून स्वच्छ, सावकाश समजावणारे व्हिडिओ अजून कमी आहेत. गुडघेदुखी असताना खुर्चीवर बसून काय करावं, मधुमेह असलेल्याने जेवणानंतर किती चालावं, असे विषय घ्या. तुमची पात्रता काय, तेही सांगा. अशांनी वेळ घालवावा, पैसाही घालवावा.

बाकीच्यांनी आजपासून चौकशीच्या वहीत एक रकाना वाढवा, ‘कुठून कळलं?’ रील, मॅप, बोर्ड, मित्र, जे सांगतील ते लिहा. सहा महिन्यांनी वही उघडा आणि रील बघून आलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा फी भरली ते मोजा. आकडा चांगला निघाला, तर माझं ऐकू नका, खुशाल खर्च वाढवा.