चिमूरकडून पाहिलेली २६ जानेवारी

सभाध्यक्ष आणि मंडळी,

आपले प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन सिडनीत नेमके सुट्टीच्या दिवशी येते, ही सोय आपल्याला आवडते. पण ती 'ऑस्ट्रेलिया डे'ची सुट्टी नेमकी कशाची, यावर आपण फारसे बोलत नाही. १७८८ साली याच तारखेला कॅप्टन आर्थर फिलिप यांनी येथे ब्रिटिश निशाण उभारले, आणि १९३८ मध्ये त्याच्या दीडशेव्या वर्षाचा सरकारी सोहळा चालू असताना येथील मूलनिवासी नेत्यांनी सिडनीतच शोकदिन पाळला. नागरिकत्वाच्या शपथाही याच दिवशी दिल्या जातात.

हा दिवस साजरा करावा की नाही, यावर 'तो त्यांचा आपसातला वाद' असे आपण म्हणतो. मी मूळचा विदर्भातल्या चिमूर तालुक्यातील एका खेड्याचा. म्हणून आधी घरचे सांगतो. आमच्याकडे १५ ऑगस्ट झाला की दुसऱ्याच दिवशी हुतात्म्यांना मानवंदना असते. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनातली नागपंचमी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले गाव, पोलिसांच्या गोळीबारात गेलेला कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर, हे सारे शाळेतल्या भाषणांत तोंडपाठ असे. त्याच दिवशी जमावाने उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदार यांना ठार मारले, तेही भारतीयच होते, हे मात्र व्यासपीठावरून मी कधी ऐकले नाही. त्यानंतर आलेल्या फौजेने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळी यांनी प्राणांतिक उपोषण केले. उपोषणाचा उल्लेख येई, पण त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नसे. (गावात सर्वांना सर्व ठाऊक असते, हेही त्याचे एक कारण असावे.) यामुळे हुतात्म्यांचे मोल कमी होत नाही, आमच्या आठवणीला मात्र सोयीची कुंपणे आहेत, हे दिसते.

म्हणूनच मला आपल्याच राज्यातले, न्यू साउथ वेल्समधले, मायल क्रीक हे ठिकाण महत्त्वाचे वाटते. १० जून १८३८ रोजी तेथे वसाहतवाल्यांच्या टोळीने किमान २८ निःशस्त्र मूलनिवासींना मारले, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. पुढे सात जणांना फाशी झाली. २००० साली तेथे स्मारक झाले, तेव्हा मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचेही वंशज एकत्र आले. दरवर्षी जूनमध्ये तेथे स्मरणसभा होते.

माझी सूचना एवढीच की, झेंडावंदन आहे तसेच राहावे, आणि येत्या जूनमध्ये मंडळाने तेथे एक बस न्यावी. बिंगारा गावाजवळ ते ठिकाण आहे. अंतर लांब असल्याने मुक्काम करावा लागेल, तेव्हा कार्यकारिणीने नावनोंदणी लवकर सुरू करावी.