हात पुरस नही

(दृश्य : पहाट. शटर वर जातं. आतला बल्ब लागतो.)

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्या नंबरने ओळखतात. अशाच एका नंबरच्या गल्लीतलं हे दुकान. दहा बाय बारा फूट. छताला टायर टांगलेले, भिंतीवर पाने, खाली श्रीखंडाच्या डब्यात छर्रे. सकाळी पंक्चर, दुपारी चाकांचा आउट काढणं, संध्याकाळी शाळा सुटली की उतरलेल्या चेनी. नाना हे काम चाळीस वर्षं करताहेत.

अलीकडे त्यांच्याकडे वाकड्या हँडलच्या सायकली यायला लागल्या. बाकीचे त्यांना रोड बाइक म्हणतात. नाना म्हणतात, एडक्याच्या शिंगाची.

(दृश्य : हँडलवर एक हात, अगदी जवळून.)

हा हात बघा. पांझरा नदीपलीकडे देवपुरात राहणाऱ्या, कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीचा. हँडलचा जो भाग खाली वळून मागे येतो, त्याला सायकलवाले ड्रॉप म्हणतात. तिथे तिने मूठ धरलीय आणि तर्जनी पुढे ताणलीय. बोट ब्रेकच्या लिव्हरला लागतं, पण नुसतं टोक. ब्रेक ओढायचा तर बोटाचं टोकाकडचं पेर लिव्हरवर वळावं लागतं. ते वळत नाही.

पुढचं वाक्य आम्ही तिच्याच आवाजात ठेवलंय.

“नाना, हात पुरस नही.”

याआधी ती हे तीन ठिकाणी सांगून आली होती. सायकल विकणारा म्हणाला, सवय होईल. सोबत सायकल चालवणारी मुलं म्हणाली, पंजात ताकद कमी पडतेय, रबरी बॉल दाबत जा. तिने दोन महिने बॉल दाबला. पंजा मजबूत झाला. बोटं होती तेवढीच राहिली.

(दृश्य : नाना शिंप्याची टेप उलगडतात.)

नानांनी आधी सायकल मोजली नाही, हात मोजला. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या शेवटच्या सांध्यापर्यंत, म्हणजे टोकाकडच्या. 7 सेंटीमीटर. मग ड्रॉपच्या नळीपासून लिव्हरपर्यंत. साडेआठ. वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि मान वर न करता म्हणाले,

“तुना हात ल्हाना नही, माय. लिव्हर दूर शे.”

(दृश्य : दुकानाबाहेर उभी काळी सायकल, कॅनसकट.)

ही बाहेर उभी आहे ती दूधवाल्याची. सळईच्या ब्रेकची. तिची लिव्हर मुठीखालून, मुठीला धरूनच जाते. नुसती मूठ आवळायची. बारा वर्षांचा पोरगाही ती थांबवू शकतो. शाळेत असताना या मुलीने चालवलेली सायकलही सरळ हँडलचीच होती. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते, तसली. तिचा ब्रेक कधी लांब वाटला नव्हता.

रोड बाइकची लिव्हर उभी लोंबते. तिचा सांधा वर, रबरी हूडमध्ये. हूड म्हणजे लिव्हरच्या बुडावरचं, हात टेकायचं आवरण. हूडवर हात ठेवून ब्रेक ओढला तर बोटं सांध्याजवळ पडतात आणि जोर जास्त लागतो. ड्रॉपमधून ओढला तर बोटं लिव्हरच्या खालच्या टोकाशी जातात, तिथे कमी जोर लावून काम होतं. पहार कुठे धरायची, हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. पण पहारीचं टोक हातात येतच नसेल तर? मग ती घाटभर हूडवरूनच ब्रेक दाबत राहते आणि खाली येईपर्यंत बोटं आखडतात.

(दृश्य : रबरी हूड सोलला जातो. आत धातू. एक बारीक स्क्रू.)

आणि हे बघा. कॅमेरामनने यासाठी लेन्स बदलली, तेव्हा कुठे दिसलं. मुगाच्या दाण्याएवढा स्क्रू. 2 मिमीची ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली लागते. घड्याळाच्या दिशेने फिरवला की लिव्हर हँडलकडे सरकते.

आजच्या बऱ्याच लिव्हरमध्ये तो असतो. कारखान्यातूनच येतो. या सायकलच्या स्क्रूवर मात्र एक खूणही नव्हती. खोक्यातून निघाल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता. सायकल जोडणाऱ्यानेही नाही, विकणाऱ्यानेही नाही.

काही जुन्या लिव्हरना हा स्क्रू नसतो. त्यांना हूडच्या आत प्लास्टिकची पातळ पाचर बसवतात. लिव्हर सुटल्यावर पूर्ण मागे जात नाही, अलीकडेच थांबते. लहान हातांसाठी मुळातच जवळ वाकवलेल्या लिव्हरही मिळतात. एमटीबीची, म्हणजे सरळ हँडलच्या डोंगरी सायकलची, आखूड लिव्हर काढून लावू म्हणाल तर ती बसत नाही. ड्रॉप हँडलची नळी लिव्हरच्या जागी 23.8 मिमी जाड असते, सरळ हँडलची 22.2.

स्क्रू दाखवून नानांनी ॲलन की खाली ठेवली. हा शेवटी फिरवायचा. आधी हँडल.

(दृश्य : टेप उलगडते. काळी रिबन जमिनीवर.)

हँडलवरची टेप स्टेमच्या बाजूने सुटते. स्टेम म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तो आडवा ठोकळा. हिच्या सायकलला 100 मिमीचा होता, नानांनी 80 चा लावला. हँडल 42 सेंटीमीटर रुंद होतं. तिच्या खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत नानांनी तीच शिंप्याची टेप धरली आणि 38 चं मागवलं. ते नाशिकहून आठवड्याने आलं. तो आठवडा आपण गाळलाय. जुनं हँडल पुढे 85 मिमी जात होतं, हे 70 जातं. स्टेमचे वीस, हँडलचे पंधरा, मिळून साडेतीन सेंटीमीटर सायकल तिच्याकडे सरकली. आखूड स्टेमने हँडल जरा चपळ होतं, पहिले दोन दिवस सायकल नाचल्यासारखी वाटते. नानांनी तिला हे आधीच सांगून ठेवलं.

(दृश्य : चार बोल्ट. तिरपे, आलटून पालटून.)

स्टेमच्या तोंडाचे बोल्ट असे फुलीत आवळायचे, थोडे थोडे. वरची फट आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. स्टेमवर 5 न्यूटन मीटर छापलंय. म्हणजे किती जोराने आवळायचं, तो आकडा. नानांनी त्यासाठी तो जोर मोजणारा टॉर्कचा पाना घेतलाय आणि दुकानात तो कोणालाही हाताळू देत नाहीत. आम्हालाही दिला नाही.

मग हूड. इथे नाना बराच वेळ थांबले. एडिटरने हा भाग कापायला सांगितला होता, आम्ही ठेवला. हूड हँडलच्या वळणावर वर सरकवला की मनगटाला बरं वाटतं, तळहात सपाट टेकतो. पण हूड वर गेला की लिव्हरचं खालचं टोकही पुढे जातं आणि ड्रॉपमधून आणखी लांब होतं. खाली सरकवला की उलट. लहान हातांची सगळी ओढाताण या दोन सेंटीमीटरमध्ये आहे. नानांनी हूड वर घेतला, तिला बसवलं, खाली घेतला, पुन्हा बसवलं. पाच वेळा. पाचव्यांदा ती काही बोलली नाही. नानांनी बोल्ट आवळला.

(दृश्य : ॲलन की फिरते. आवाज फक्त दुकानाचा.)

आता तो स्क्रू. अर्धा फेरा. तिचं बोट. अर्धा फेरा. बोट. या शॉटला आम्ही संगीत लावलेलं नाही.

“आते?”

“आते पुरना.”

पण काम झालं नाही. लिव्हर हँडलजवळ आली म्हणजे तिला ओढायला जागा कमी उरली. ब्रेकची वायर तशीच ठेवली तर रबर रिमला नीट धरायच्या आत लिव्हर हँडलवर आपटेल. म्हणून क्रम असा : आधी लिव्हर, मग वायर. स्टेम बदलल्याने वायरी लांब पडल्या होत्या, त्या छाटल्या. वायर ताणणारा ॲडजस्टर फिरवून ब्रेकचे रबर रिमच्या जवळ घेतले, दोन्ही बाजूंना साधारण 2 मिमी. नानांनी लिव्हर सगळा जोर लावून दाबली. चाक जाम, आणि तरी लिव्हर आणि हँडलमध्ये जागा शिल्लक. ब्रेक दोन बोटांनी ओढला तर उरलेली दोन बोटं हँडलवरच असतात, ती मध्ये चिरडता कामा नयेत. तेही बघितलं. तेलाच्या डिस्क ब्रेकला असं वायर ओढून भागत नाही; तिथे लिव्हर जवळ घेतल्यावर तिची मोकळी चाल बघावी लागते, आणि ती बदलण्याची सोय प्रत्येक लिव्हरला नसते.

टेप नवी. खालच्या टोकापासून वर, प्रत्येक वेढा अर्धा आधीच्यावर.

(दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग. डावीकडे किल्ल्याचा डोंगर. कुरणावर ऊन पसरतंय.)

धुळ्याजवळचा लळिंगचा उतार. मागच्या पावसाळ्यात इथेच ती पडली, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

(दृश्य : मागच्या गाडीतून. ती ड्रॉपमध्ये वाकलेली. दोन बोटं लिव्हरवर. ट्रक ओलांडून जातो. वळण. ब्रेक. हे चाळीस सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : पुन्हा दुकान. दुपार.)

ती परत आली ते तक्रार घेऊन. उजवी लिव्हर बरोबर, डावी अजून जराशी लांब. दोन्ही हात सारखे नसतात. नानांनी नवी टेप न उसवता नुसता हूड उचलला, स्क्रू अर्धा फेरा फिरवला, वायर पुन्हा बघितली. पैसे टेपचे आणि मागवलेल्या सामानाचे घेतले. स्क्रू फिरवायचे पैसे कसले घ्यायचे, म्हणाले.

मग चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर बॉलपेनने लिहिलं आणि सीटच्या खाली, बाहेरून दिसणार नाही असा चिकटवला. पुढे कोणी सायकल खोलली तर त्याला कळावं म्हणून.

(दृश्य : सीटखालची चिकटपट्टी. अक्षर : “उ. 3 फेरे, डा. साडेतीन. सारखे करू नयेत.”)