गच्चीवर झोपता? मग अलार्मचं हे सेटिंग आजच बदला

राम राम मंडळी!

मे महिना, पारा 42 च्या वर, अन् रात्री सगळं घर गच्चीवर. खाली कुलूप नाही, नुसती कडी. चोराला हे आपल्यापेक्षा जास्त पाठ असतंय. बरं, घरात अलार्म बसवलेला असतो, पण बसवणारा फ्लॅटचं सेटिंग टाकून निघून जातो. त्यात गच्ची नावाची भानगडच नसते.

माझ्यासमोर डीएससी कंपनीचं पॉवरसिरीज पॅनल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा आहे, मॉडेल पीसी 1832. तुमचं दुसरं असलं तर आकडे बदलतील, विचार हाच करायचा.

आधी कोड. कंपनीतून मास्टर म्हणजे घरमालकाचा कोड 1234 आणि इन्स्टॉलर म्हणजे बसवणाऱ्याचा 5555 येतो, आणि हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. स्टार, 5, जुना मास्टर कोड, मग 40, मग नवे चार आकडे, शेवटी हॅश. पोराचं जन्मसाल टाकू नका, अख्खी गल्ली बारशाला जेवून गेलीय.

(कीपॅड जवळून)

आता खरं काम. अलार्म लावलेला नसताना स्टार, 8, 5555. दिवे बघा. आर्म्डचा लाल दिवा लागला म्हणजे पॅनल सेक्शन नंबर, म्हणजे सेटिंगच्या कप्प्याचा नंबर मागतंय. रेडीचा हिरवा लागला की त्यातले आकडे मागतंय. एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

001 दाबा. इथं प्रत्येक झोनला, म्हणजे सेन्सर लावलेल्या प्रत्येक जागेला, दोन आकडे. समजा झोन 1 पुढचं दार, झोन 2 गच्चीचं दार, झोन 3 खिडक्या, झोन 4 हॉलमधला मोशन सेन्सर. तर 01, 01, 03, 05. 01 म्हणजे थोडा वेळ देणारं दार, 03 म्हणजे लगेच बोंब, 05 म्हणजे माणसं घरात असली की सोडून द्यायचा सेन्सर. मग हॅश.

गंमत त्या दुसऱ्या 01 मध्ये आहे. बसवणाऱ्यानं गच्चीच्या दाराला बहुतेक 03 दिलेलं असतं, म्हणजे उघडलं की लगेच बोंब. रात्री आजी पाणी प्यायला उतरली की सायरन, अन् दुसऱ्या दिवसापासून अलार्म लावणंच बंद! पण त्याहून वाईट वेगळंच आहे. कोड टाकल्यावर पॅनल वाट बघतं, 01 वालं एखादं दार उघडतंय का. नाही उघडलं तर त्याला वाटतं, माणसं घरातच आहेत. मग ते 05 वाला मोशन सेन्सर सोडून देतं. तुम्ही 03 च्या दारातून वर गेलात, तर खाली हॉलवर नजर ठेवायला कुणीच नाही.

दार 01 केलं की तुम्ही वर जाताच पॅनल घर रिकामं धरतं. उतरताना कोड टाकायला वेळही मिळतो.

किती वेळ? सेक्शन 005, मग 01. पहिले तीन आकडे त्या वेळेचे, कंपनीतून 030, म्हणजे 30 सेकंद. कीपॅड पुढच्या दाराशी, जिना मागे, त्यात लाईट गेलेली. आजीला अंधारात एकदा चालवून बघा अन् मग ठरवा. मी तर 060 टाकीन. जास्त वाढवू नका, तेवढाच वेळ चोरालाही मिळतो.

आणि आजोबा खालीच झोपत असतील तर? तेव्हा नुसता कोड टाकू नका, स्टेचं बटण दाबून धरा. मग गच्चीचं दार उघडलं तरी मोशन सेन्सर झोपलेलाच राहतो, दारं-खिडक्या मात्र जाग्या.

कूलरचं सांगायचं राहिलं. मोशन सेन्सर उष्णतेची हालचाल बघतो. समोर कूलरनं पडदा हलत असला तर उगाच वाजेल. उलट खोलीच अंगाएवढी तापली की माणूस त्याला नीट दिसत नाही. म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात नुसत्या मोशनवर विसंबू नका, खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर लावाच.

झालं की हॅश दाबून बाहेर या. इन्स्टॉलर कोड सेक्शन 006 मध्ये बदलतो, तो बदलून वहीत लिहून ठेवा, कीपॅडच्या मागं नव्हे. तुमचं पॅनल वेगळं असेल तर मॉडेल नंबर खाली टाका. कोड टाकू नका रे बाबांनो!