त्यांची २६ जानेवारी

२६ जानेवारी म्हटलं की आपल्याला शाळेचं पटांगण आठवतं. झेंडावंदन, लेझीम, गरम जिलेबी. १९३०च्या २६ जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली, म्हणूनच १९५० साली राज्यघटना लागू करायला हीच तारीख निवडली.

आज सिडनीतही सुट्टी आहे. ऑस्ट्रेलिया डे. बंदरात सजवलेल्या बोटी, घरोघरी बार्बेक्यू. पण इथे आठवण काढतात ती १७८८ सालची. त्या दिवशी कॅप्टन आर्थर फिलिप यांनी याच किनाऱ्यावर ब्रिटनचा झेंडा रोवला. सोबत ११ जहाजं आणि शेकडो कैदी. जमीन इथल्या गॅडिगल आदिवासींची होती. त्यांना कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि बंदराभोवतीच्या त्यांच्या वस्त्या ओस पडल्या.

इंग्रजांचं राज्य झुगारण्याची आपली तारीख, तीच इथे त्या राज्याच्या आगमनाची.

१९३८ साली या घटनेला दीडशे वर्षं झाली. फिलिप किनाऱ्यावर उतरले तो प्रसंग पुन्हा उभा करायचं सरकारनं ठरवलं. सिडनीतल्या आदिवासींनी त्यात भाग घ्यायला साफ नकार दिला. मग दूरच्या मेनिंडीहून माणसं आणली आणि रेडफर्नच्या पोलीस बराकीतल्या तबेल्यात ठेवली. त्यांना काम काय, तर गोरे उतरताना दिसले की किनाऱ्यावरून पळत सुटायचं. आपल्याच मातीतून, हजारो लोकांदेखत.

त्याच दिवशी शहरातल्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये शंभरेक आदिवासी जमले. त्यांना आत घेतलं ते मागच्या दारानं. विल्यम कूपर, विल्यम फर्ग्युसन, जॅक पॅटन ही त्यांची पुढारी मंडळी. त्यांनी तो दिवस शोकदिन म्हणून पाळला आणि पूर्ण नागरिकत्व मागितलं.

१९७२च्या २६ जानेवारीला चार आदिवासी तरुण राजधानी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर आले. बीचवर लावतात तसली एक छत्री रोवली आणि म्हणाले, हा आमचा दूतावास. आपल्याच देशात परके ठरलो, तर दूतावास हवाच ना!

आज कुणी या दिवसाला आक्रमण दिन म्हणतं, कुणी तगून राहिल्याचा दिवस. तारीख बदला, अशी मागणी करत दरवर्षी मोर्चे निघतात. बदलू नका म्हणणारेही पुष्कळ आहेत. हा देश या दिवशी घडायला लागला, असं ते मानतात. पण सगळ्या राज्यांत २६ तारखेलाच सुट्टी द्यायचं ठरलं ते १९९४ साली. इतकी अलीकडची प्रथा हलवता येत नाही, हे मला पटत नाही.

आणि यात आपणही आहोत. ऑस्ट्रेलियाचे नवे नागरिक होणाऱ्यांत अलीकडे भारतीय फार मोठ्या संख्येनं असतात, मराठी घरंही त्यांत आली. अनेकांचा शपथविधी याच दिवशी होतो. सभागृहात नवे कपडे घातलेली कुटुंबं बसलेली असतात. पुष्कळ ठिकाणी शपथेआधी त्या भूमीतली एखादी वयस्कर आदिवासी बाई पुढे येते आणि तिच्या भाषेत सगळ्यांना म्हणते, या.