फाईल कुठल्या टेबलावर होती?

सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळांचा स्पेशल वॉर्ड असतो ना, एसएनसीयू म्हणतात त्याला, त्याचे दोन भाग असतात. इनबॉर्न आणि आउटबॉर्न. इनबॉर्न म्हणजे तिथेच जन्मलेलं बाळ. आउटबॉर्न म्हणजे बाहेर कुठेतरी, गावच्या आरोग्य केंद्रात (पीएचसीत) नाहीतर घरीच जन्मलं, वजन कमी भरलं, श्वास लागला म्हणून मग ॲम्ब्युलन्समधून धावत इथे आणलेलं. आईला आत थांबू देत नाहीत, दूध पाजायला बोलावतात तेवढंच.

9 जानेवारी 2021, शनिवार उजाडायचा होता अजून, रात्रीचे दीड-दोन. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय. तिथल्या याच वॉर्डाला आग लागली. आत 17 बाळं. इनबॉर्नमधली 7 वाचली. आउटबॉर्नमधली 10 गेली. तिघं भाजून, बाकीची 7 धुरानं गुदमरून.

आग कुठून लागली तर चौकशीत आलं की रेडियंट वॉर्मरमधून. वॉर्मर म्हणजे काय, तर छोटंसं टेबल, वर हीटर, बाळाच्या पोटाला एक सेन्सर चिकटवलेला. दीड किलोच्या बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही म्हणून हे मशीन त्याला ती देतं, आणि ते रात्रंदिवस चालूच राहणार, बंद करून चालतच नाही. आता जे मशीन कधी बंदच होणार नाही त्याची तपासणी कोण करतं, कधी करतं, त्या खोलीत धुराचा अलार्म आहे का, हे कुणीतरी आग लागायच्या आधी विचारायला नको का?

तर विचारलेलं होतं, खरी चीड त्याचीच येते. अग्निशमन यंत्रणा बसवायचा प्रस्ताव वर गेलेला होता. मंजुरी आली नव्हती. इमारत सरकारची, दुरुस्ती बांधकाम खात्याकडे, बंब नगरपरिषदेचा, पैसा आरोग्य खात्याचा आणि सही मुंबईला, मग फाईल फिरत राहते, आणि कुणालाही विचारा, त्याच्या टेबलावरून ती पुढे गेलेलीच असते!

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री आले. गेलेल्या प्रत्येक बाळामागे घरच्यांना 5 लाख जाहीर झालेच होते. जिल्हा शल्यचिकित्सकांना निलंबित केलं, आणि मग त्या रात्री ड्युटीवर असलेल्या नर्सेसपर्यंत प्रकरण आलं, नोकरी गेली, वर गुन्हा दाखल. मी असं म्हणत नाहीये की त्या रात्री वॉर्डात चूक झालीच नसेल. पण रजिस्टरमध्ये नाईटला कोण होतं हे एका मिनिटात सापडतं, फाईल कुणी दाबून ठेवली हे सापडायला वर्षं लागतात, म्हणून मग जे नाव लवकर सापडतं त्यालाच धरायचं का?

कायदा नाही असंही नाही. आग प्रतिबंधक कायदा 2006 चाच आहे, त्यात फॉर्म बी असतो, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आमची यंत्रणा चालू आहे असं लिहून द्यायचं. पण यंत्रणाच नसेल तर लिहून काय देणार?

भंडाऱ्यानंतर आदेश निघाला, सगळ्या दवाखान्यांचं फायर ऑडिट करा. मार्चमध्ये भांडुपला मॉलमधल्या हॉस्पिटलला आग, एप्रिलमध्ये विरारला आयसीयूत. आणि मग 6 नोव्हेंबर, भाऊबीज होती त्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत. परत 17 जण आत, त्यातले 11 त्याच दिवशी गेले. हा आयसीयू जुना नव्हता हं, कोविडमध्ये नवा बांधलेला. ऑडिट झालं होतं, पण पाण्याची पाइपलाइन, स्प्रिंकलर काही बसलं नव्हतं. म्हणजे काय काय नाही याची यादी आता सरकारकडे व्यवस्थित टाईप केलेली होती, एवढाच फरक. अटक कुणाला? एक डॉक्टर आणि तीन नर्सेस.

मागच्या वर्षी आमच्या एका नातेवाइकाला ॲडमिट केलं होतं, एका सरकारी दवाखान्यात, गाव सांगत नाही. वॉर्डाचं दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं म्हणून त्याला लाल सिलिंडर लावून ठेवला होता, आग विझवायचा. मी वाकून टॅग बघितला. रिफिलची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेलेली, त्याखाली सहीची जागा कोरी. तेवढ्यात वॉर्डबॉय मामा आले, म्हणाले, "हात नका लावू दादा, दार आपटलं की पेशंट दचकतात."