कणाचं काम आवरण ठरवतं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते सुमारे दहा नॅनोमीटर जाडीच्या चुंबकीय कणांबद्दल. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं ऑक्साइड इतकं बारीक झालं, की बाहेरून चुंबक लावल्यावर ते ओढलं जातं आणि चुंबक दूर केला की त्याचं चुंबकत्व उरत नाही. एमआरआयची प्रतिमा त्याने अधिक स्पष्ट करता येते. वेगाने दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात, आणि कर्करोगाची गाठ 42 ते 45 अंशांपर्यंत तापवता येते.

पण उघडा कण शिरेतून सोडला तर? तो इतर कणांना चिकटतो, त्यावर रक्तातली प्रथिनं बसतात आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला लगेच गिळतात. शिवाय सुटलेलं लोह पेशींना घातक असे मुक्त मूलक तयार करतं. म्हणून आवरण हवं. मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या पंडुरोगासाठी अमेरिकेत 2009 मध्ये मान्य झालेल्या फेरुमॉक्सिटॉलमध्येही लोहकणांवर कर्बोदकाचं आवरण असतं.

चहा, हळद अशा वनस्पतींत सापडणारी पॉलिफेनॉल्स नावाची संयुगं या आवरणासाठी फार उपयोगी पडतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या रेणूत शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, लोहाला चिमटीत धरतात. टॅनिन हे तुरट पॉलिफेनॉल आणि लोह मिळून काळी शाई होते, ती याच पकडीमुळे. हळदीतलं कर्क्युमिन वेगळ्या गटांनी लोह धरतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे कणावर बसवून ते नेण्याची कल्पना मला खरोखर आवडते.

मात्र ‘वनस्पतीचं, म्हणजे निर्धोक’ हे मला मान्य नाही. पानांच्या अर्कात शेकडो रेणू असतात. ऋतू, माती आणि झाडाचा भाग बदलला की त्यांचं प्रमाण बदलतं. अशा अर्कापासून दर खेपेला तेच औषध कसं बनणार? ओळख पटलेला एकच शुद्ध रेणू घ्यावा, हेच मला पटतं. कर्क्युमिनची आणखी एक अडचण आहे: ते स्वतःच प्रकाश शोषतं आणि चमकतं, त्यामुळे रंगावर आधारलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसतात.

तेव्हा अशा संशोधनाची बातमी ऐकलीत, तर आधी पाहा, कण नुसत्या पाण्यात तपासले की रक्तद्रवात. पाण्यात घट्ट बसलेलं आवरण रक्तातल्या प्रथिनांसमोर सुटू शकतं.