लाल दिव्याचं तिकीट आणि पिवळ्या दिव्याचा हिशेब

अमेरिकेत चौकातल्या कॅमेऱ्याने सिग्नल तोडताना टिपलं, की दंडाचं तिकीट पोस्टाने घरी येतं, तेव्हा त्यात साधारण तीन फोटो असतात. पहिल्यात गाडी स्टॉप लाइनच्या अलीकडे आणि दिवा लाल. दुसऱ्यात गाडी चौकाच्या मधोमध, दिवा अर्थातच लाल. तिसऱ्यात नंबर प्लेट, मोठी करून. खाली रक्कम आणि भरायची शेवटची तारीख. माणूस बघतो, गाडी आपलीच, दिवा लालच. ‘गेले पैसे’ म्हणतो आणि क्रेडिट कार्ड काढतो.

मला आज बोलायचंय ते त्या फोटोंच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या दोन आकड्यांबद्दल. दिवा लाल होऊन किती वेळ झाला होता, हा एक आकडा. त्याआधी पिवळा किती वेळ होता, हा दुसरा. माझं म्हणणं असं आहे, की हे भांडण पिवळ्या दिव्यावर भांडायचं असतं. लोक ते लाल दिव्यावर भांडतात, आणि हरतात.

पिवळा दिवा किती वेळ ठेवायचा, हे कुणी मनाला येईल तसं ठरवत नाही. निदान ठरवू नये. तिथली राष्ट्रीय नियमपुस्तिका ३ ते ६ सेकंद सांगते. त्या मर्यादेत नेमका आकडा काढायला एक सूत्र आहे. त्याचा पाया १९६० साली डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सी मॅराडुडिन या तिघांनी घातला. कल्पना साधी आहे. दिवा पिवळा झाला, की चालकाला दोनपैकी एक गोष्ट तरी बिनधोक करता आली पाहिजे: थांबता आलं पाहिजे, नाहीतर लाल व्हायच्या आत रेषा ओलांडता आली पाहिजे. दोन्ही अशक्य असतील अशी जागा रस्त्यावर उरता कामा नये.

हिशेब करून बघू. ताशी ३० मैल म्हणजे सेकंदाला ४४ फूट. दिवा बघून पाय ब्रेकवर जायला १ सेकंद धरतात, तेवढ्यात ४४ फूट गेले. मग ब्रेक न कचकचवता थांबायला सुमारे ९७ फूट. एकूण १४१. म्हणजे रेषेपासून १४१ फुटांच्या आत असाल तर नीट थांबता येत नाही, पुढेच जायला हवं. आणि हे अंतर त्याच वेगाने कापायला ३.२ सेकंद लागतात. तेवढा पिवळा हवा. आता एखाद्या चौकात तो ३ सेकंदच असेल, तर ०.२ सेकंदांचा फरक उरतो. तेवढ्यात गाडी जवळजवळ ९ फूट जाते. कॅमेऱ्याला तेवढं पुष्कळ झालं.

इथे एक मेख आहे. ‘त्याच वेगाने’ हे गृहीत सरळ जाणाऱ्या गाडीला लागू पडतं. वळणाऱ्याचं काय? तो वळणाआधी वेग कमी करणारच, करायलाच हवा. ३० वरून हळूहळू १५ वर आला, तर तेच १४१ फूट कापायला त्याला सव्वाचार सेकंद लागतात. पिवळा मात्र ३.२ चाच. गडी शहाण्यासारखा गाडी सावकाश घेतोय, आणि शहाणपणाबद्दल तिकीट खातोय.

ही मेख चव्हाट्यावर आणली मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थाने. जन्माने स्वीडिश, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, राहणार ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हर्टनचा. २०१३ साली त्याच्या बायकोला कॅमेऱ्याचं तिकीट आलं. दुसरा असता तर चरफडत पैसे भरून मोकळा झाला असता. हा सूत्र घेऊन बसला, वळणाऱ्या गाड्यांसाठी त्यात दुरुस्ती सुचवली, आणि मूळ तिघांपैकी हयात असलेल्या मॅराडुडिन यांच्यापर्यंत पोचला. त्यांनाही त्याचं म्हणणं पटलं. मग त्याने राज्याच्या इंजिनियर मंडळाला पत्र लिहून आपलं संशोधन कळवलं, आणि मंडळाने त्यालाच ५०० डॉलर दंड केला! कशाबद्दल, तर परवाना नसताना स्वतःला इंजिनियर म्हणवून घेतलं आणि इंजिनियरिंग केलं. दिव्याचा हिशेब बरोबर की चूक, हे राहिलं बाजूला. तो फेडरल कोर्टात गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये जिंकला. पुढे २०२० मध्ये वाहतूक इंजिनियरांच्या व्यावसायिक संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत वळणाऱ्या गाड्यांसाठी वाढीव सूत्र घेतलं. मार्गदर्शिका आली म्हणून प्रत्येक चौकातलं घड्याळ बदललं असं नव्हे. ते ज्या त्या शहराच्या हातात असतं.

आणि शहरांचा हात इथे कसा चालतो, त्याला शिकागोसारखा नमुना नाही. तिथे कॅमेरे चालवणाऱ्या रेडफ्लेक्स कंपनीच्या कंत्राटात लाचखोरी निघाली. पालिकेचा अधिकारी जॉन बिल्स याला २०१६ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली, कंपनीची माजी प्रमुख कॅरन फिनली हिला ३० महिन्यांची. पण चालकाच्या दृष्टीने मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. २०१४ मध्ये कंत्राटदार बदलला आणि त्याबरोबर एक बारीकसा बदल झाला: पिवळा ३ सेकंदांहून किंचित कमी, म्हणजे २.९ भरला, तरी तिकीट चालेल. शहराचा कारभार तपासणाऱ्या महानिरीक्षकाने मोजणी केली, तर अशी सुमारे ७७,००० तिकिटं निघाली. प्रत्येकी १०० डॉलर, म्हणजे ७७ लाख डॉलर. एक दशांश सेकंदाचे! बोभाटा झाल्यावर मर्यादा परत ३ वर नेली. आधी घेतलेले पैसे मात्र परत केले नाहीत.

कॅमेरे म्हणजे निव्वळ लूट, असं मी म्हणत नाही. संघराज्याच्या महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात, कॅमेरे लागल्यावर बाजूने धडकण्याचे अपघात सुमारे २५ टक्क्यांनी घटलेले दिसले; मागून धडकण्याचे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. बाजूची धडक जास्त जीवघेणी असते, तेव्हा सौदा अगदी वाईट नाही. पिवळा पुरेसा ठेवून कॅमेरा लावला तर माझी तक्रार नाही. पिवळा तोकडा आणि वर कॅमेरा, हा गल्ला झाला.

आता तिकीट हातात पडलं तर करायचं काय? आधी राज्य कुठलं ते बघा, कारण नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासने २०१९ मध्ये असे कॅमेरे बंदच केले. न्यूयॉर्क शहरात दंड ५० डॉलर, आणि तो गाडीच्या मालकाला. चालवत कोण होतं हा प्रश्नच येत नाही. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नेमकं उलट सांगितलं: चालक मीच नव्हतो हे सिद्ध करायचा बोजा मालकावर टाकता येणार नाही. कॅलिफोर्नियात साधारणपणे तिकीट चालकाला असतं, चेहऱ्याचा फोटो लागतो, आणि सगळे अधिभार धरून रक्कम ५०० डॉलरच्या आसपास जाते. तिथे नोटीस घटनेपासून १५ दिवसांच्या आत मालकाच्या पत्त्यावर रवाना व्हावी लागते, म्हणून पाकिटावरची तारीख बघितल्याशिवाय ते फेकू नका. तिथेच आणखी एक गंमत आहे. काही कागद हुबेहूब तिकिटासारखे दिसतात, पण त्यावर कोर्टाचा पत्ता नसतो. गाडी कोण चालवत होतं ते सांगा, एवढंच विचारलेलं असतं. ते तिकीट नव्हेच. मावशीचं नाव घाईघाईने लिहून पाठवलंत, की मग खरं तिकीट मावशीला जातं.

व्हिडिओ जरूर बघा. लाल दिव्यावर उजवीकडे वळायला अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुभा आहे, पण आधी गाडी पूर्ण थांबवून. चाक क्षणभर थांबलेलं दिसलं तर तेवढ्यावर तिकीट रद्द होऊ शकतं. मागून रुग्णवाहिका आली म्हणून पुढे सरकलात, तर तेही व्हिडिओत दिसेल.

पिवळा मोजायला फोन पुरतो. फुटपाथवर उभं राहून सेकंदाला ६० चौकटींच्या गतीने पाच-सहा फेऱ्यांचं चित्रण करा आणि घरी येऊन पिवळ्याच्या चौकटी मोजा. १८० भरल्या तर ३ सेकंद. सोबत, माहितीच्या कायद्याखाली शहराकडून त्या सिग्नलचं वेळापत्रक मागवून घ्या. हा कागद महत्त्वाचा, कारण ‘कॅमेऱ्यावर माझा विश्वास नाही’ एवढं म्हणून भागत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की कॅमेऱ्याचा पुरावा अस्सल आहे असं धरून चालायचं. तो खोडायचा तर समोर ठोस काहीतरी ठेवावं लागतं. तुमची मोजणी आणि त्यांचंच वेळापत्रक जुळत नसेल, तर ते ठोस झालं.

कॅलिफोर्नियात हे सगळं लेखी पाठवूनही लढता येतं. रक्कम आधी भरावी लागते, जिंकलात तर परत मिळते. पोलिसालाही आपली बाजू लेखीच द्यावी लागते. हरलात तर २० दिवसांच्या आत नव्याने सुनावणी मागता येते, आणि तिथे खटला पहिल्यापासून चालतो.